रुळांवरची हजेरी

पन्नाशी उलटल्यावर माणसाने काय खेळावे याविषयी आपल्या समाजाने काही अलिखित नियम घालून ठेवले आहेत. पत्ते चालतात, बुद्धिबळ तर प्रतिष्ठेचेच समजले जाते, संध्याकाळी समुद्रकाठी फिरावयास गेले म्हणजे व्यायाम आणि परनिंदा ही दोन्ही कार्ये एकदम साधतात, म्हणून त्यालाही कोणी नावे ठेवीत नाही. परंतु इंग्रजी वाङ्मयाचा एखादा प्राध्यापक ओणवा होऊन टेबलाखाली शिरला, दातांत तांब्याची तार धरून बाहेर आला आणि "आता तिसरा ब्लॉक लागला!" असे आनंदाने ओरडला, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे अनुकंपेने पाहू लागतात. ही अनुकंपा गेली दोन वर्षे मी डहाणूस भोगीत आहे, आणि खरे सांगायचे तर ती आता मला आवडूही लागली आहे.

या वेडाचे मूळ पुण्यात आहे. कोथरूडात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. एका दालनात एक अखंड शहर वसविलेले आहे. त्यातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात आणि उठतात, दिवस मावळतो आणि इवल्याशा घरांतून दिवे लागतात. माझा पुतण्या पुण्यास अभियंता आहे. तो मला तेथे घेऊन गेला. मुले काचेला नाक लावून गाड्या पाहत होती. मी मात्र गाड्या चालविणाऱ्या गृहस्थाकडे पाहत राहिलो. इतक्या गाड्या एकाच वेळी रुळांवर असता कोणती कोठे आहे हे त्याला कसे कळत असेल, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात जो शिरला तो बाहेर पडावयास तयार होईना. पुतण्या हसून म्हणाला, "काका, हा प्रश्न विचारलात म्हणजे तुम्ही गेलात! आता तुम्हाला घरी रूळ घालावेच लागतील."

वास्तविक डहाणूच्या रहिवाशाला आगगाडी टेबलावर मांडून पाहण्याचे कारण नाही. गुजराथेतून मुंबईकडे येणारा लोहमार्ग १८६४ साली मुंबईस पोचला, तेव्हापासून आगगाडी आमच्या दाराशीच आहे. जुन्या बी. बी. अँड सी. आय. कंपनीची १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली. २०१३ साली मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्या. आणि आता येथील नोकरदार पहाटेचा चहा घरी आणि दुसरा चहा चर्चगेटास घेतात. रात्री मालगाडी गेली की आमच्या खिडकीची तावदाने थरथरतात. त्या आवाजाने पाहुण्यांची झोप मोडते. आमची मोडते ती एखादे रात्री गाडी आली नाही तर. तेव्हा रेल्वेचे दर्शन हा माझा हेतू नव्हता. मला पाहावयाचे होते ते रेल्वेचे ज्ञान. गाडी धावते कशी हे नव्हे, तर गाडी कोठे आहे हे रेल्वेला समजते कसे, ते.

माझी रेल्वे आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एका फळीवर आहे. प्रमाण सत्त्याऐंशीस एक. या प्रमाणाने विरारपासून डहाणू रोडपर्यंतचे ६४ किलोमीटर घरात आणावयाचे म्हटले तर सातशे छत्तीस मीटर लांबीची खोली लागेल; आणि माझ्या सबंध फळीवर बारा डब्यांची एक लोकलसुद्धा सरळ उभी राहू शकणार नाही. शिवाय रूळही खोटेच. या खेळाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतरावर असतात, ते युरोपातील मार्गाच्या मापाने. आपल्या मोठ्या मार्गाचे १६७६ मिलिमीटर त्याच प्रमाणात आणले तर एकोणीस मिलिमीटरांहून अधिक भरतात. म्हणजे माझ्या डहाणूवरून जाणारी गाडी अंमळ सुकलेली आहे. परंतु नाटकातला राजा कागदी मुकुट घालूनही राजाच असतो. तेव्हा या उण्यांकडे मी दुर्लक्ष करतो.

मोठी गोष्ट आहे ती चालविण्याच्या रीतीची. आमच्या लहानपणी श्रीमंतांच्या घरी विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी असे. रुळांत वीज सोडली की रुळांवर असतील तेवढी सगळी इंजिने धावू लागत. वीज बंद केली की सगळी थांबत. एकास थांबवून दुसऱ्यास चालवावयाचे तर रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला निराळी कळ लावावी लागे. ही अडचण पुढे जर्मनीतील लेंझ या कारखान्याने युक्तीने दूर केली, आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लघुरेल्वेच्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने त्याच पद्धतीला प्रमाण मानले. या पद्धतीत रुळांत सदैव पुरा दाब, सुमारे पंधरा व्होल्टचा, ठेवलेला असतो. मात्र विजेची दिशा दर सेकंदास हजारो वेळा पालटते; आणि एकेक पालट आखूड आहे की लांब, एवढ्यावरून आज्ञा लिहिली जाते. पालट सेकंदाच्या दशलक्षांशांत मोजला तर अठ्ठावन्न भरला म्हणजे 'एक', शंभर भरला म्हणजे 'शून्य'. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डिकोडर बसविलेला असतो व त्याला एक क्रमांक असतो. "सात क्रमांक, हळू चाल", "बारा क्रमांक, दिवा लाव" अशा आज्ञा रुळांतूनच सर्वांच्या कानी पडतात आणि ज्याची आज्ञा तोच ती पाळतो. शाळेतील कवायतीत मास्तरांची हाक सगळ्या पोरांना ऐकू येते, पण पुढे येते ते ज्याचे नाव घेतले तेच. तसाच हा प्रकार.

हे सारे मला इतके परिपूर्ण वाटले की पुतण्याने त्यातील उणीव दाखविली तेव्हा मी चकितच झालो. तो म्हणाला, "काका, तुमचं यंत्र बोलतं, ऐकत नाही. सात नंबरच्या इंजिनाला त्यानं काय सांगितलं हे त्याला ठाऊक आहे. पण सात नंबर आत्ता बोगद्यात आहे की फलाटावर, की रुळांवरून घसरून फळीखाली पडलंय, यातलं काही त्याला ठाऊक नाही."

आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात नवल काय? मीही दिवसभर घरात सगळ्यांना सांगतच असते. कोण कुठं आहे ते मलाही जेवणाची पानं मांडल्यावरच कळतं."

गाडीचा ठावठिकाणा लावण्यासाठी रुळांना पुन्हा तुकडेच पाडावे लागतात. मात्र आता गाडी थांबविण्यासाठी नव्हे, तर तिची चाहूल घेण्यासाठी. एका बाजूच्या रुळाला ठरावीक जागी बारीक काप द्यावयाचा आणि त्या फटीत वीज वाहू न देणारा तुकडा बसवावयाचा. अशा दोन कापांमधला भाग म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र तारेने वीज द्यावयाची व त्या तारेवर एक पहारेकरी, म्हणजे डिटेक्टर, बसवावयाचा. ब्लॉक मोकळा असेल तर त्या तारेतून वीज जाण्याचे कारणच नसते. इंजिन आत शिरले की ते वीज ओढू लागते. त्याच क्षणी पहारेकऱ्याला कळते आणि माझ्या फळीच्या कडेवरचा तांबडा दिवा लागतो. इंजिन उभे असले तरी त्याच्या पोटातला डिकोडर जागा असतो व थोडीशी वीज पितच असतो. त्यामुळे उभी गाडीही लपत नाही.

वाचताना हे सोपे वाटते. फळीखालचा संसार मात्र निराळा आहे. तेथे दोन जाड तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, आणि त्यांच्यापासून बारीक तारा निघून वरच्या प्रत्येक रुळाला डाखलेल्या असतात. रूळ एकमेकांस जोडणाऱ्या इवल्या फिशप्लेटींवर विसंबून चालत नाही. त्या सैल होतात, काळवंडतात, आणि डहाणूच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. म्हणून मी दर तीन फुटांच्या रुळाला त्याची स्वतःची तार दिली आहे. हे काम बरोबर झाले की नाही याची परीक्षा मौजेची आहे. सर्वांत दूरच्या कोपऱ्यात जाऊन दोन रुळांवर दोन रुपयांचे नाणे आडवे ठेवावयाचे. वीज पुरविणाऱ्या यंत्राने तत्क्षणी घाबरून आपले दार बंद केले तर तारा उत्तम. ते स्वस्थ राहिले तर वाटेत कोठेतरी तार अशक्त आहे असे समजावे. कारण एखादे दिवशी गाडी घसरून असाच अपघात होईल, तेव्हा यंत्राला त्याची वार्ताच पोचणार नाही आणि तार तापत राहील. मी प्रत्येक ब्लॉकवर नाणे ठेवून पाहिले. अपघाताची वार्ता शेवटच्या घरापासून पहिल्या घरापर्यंत विनाविलंब पोचते की नाही हे अपघात होण्यापूर्वी पाहून ठेवणे, ही गोष्ट मला त्या खेळातील सर्वांत प्रौढ गोष्ट वाटली.

खऱ्या रेल्वेने हा प्रश्न कसा सोडविला, हे त्यानंतर मी हौसेने वाचून काढले. फार वर्षे तो माणसाच्या डोळ्यांनी सोडविला जात असे. शेवटच्या डब्यामागे तांबडा दिवा असे. स्थानकावरचा माणूस तो दिवा पाही आणि मगच गाडी अखंड गेली असे मानी. दिवा दिसला नाही तर गाडी वाटेत तुटली असेल, काही डबे मागे राहिले असतील, अशी शंका घेऊन तो पुढची गाडी रोखून धरी. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने हे काम रुळांकडेच सोपविले. एका ब्लॉकच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला विजेने उचलला जाणारा एक रिले. वीज एका रुळातून जाते, रिलेला उचलून धरते, दुसऱ्या रुळातून परत येते. गाडी आली की तिची लोखंडी चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात; विजेला जवळची वाट सापडते; रिले उपाशी पडतो आणि खाली येतो; सिग्नल तांबडा होतो.

यातील खरी बुद्धिमत्ता कोठे आहे, हे ध्यानात यावयास मला थोडा वेळ लागला. गाडी आली म्हणजे वीज वाहू द्यावी अशीही रचना करता आली असती. रॉबिन्सनने प्रथम तशी करून पाहिलीही होती. पण मग तार तुटली, बॅटरी संपली, तर यंत्र मुकाट्याने 'मार्ग मोकळा आहे' असेच सांगत राहील. म्हणून त्याने ती उलटी केली. आता तार तुटो, बॅटरी संपो, रूळ मोडो. काहीही बिघडले तरी रिले खाली येतो आणि तांबडा दिवाच लागतो. सर्व काही ठीक आहे हे प्रतिक्षणी सिद्ध करीत राहावे लागते. ज्या क्षणी ते सिद्ध होत नाही त्या क्षणी धोका आहे असे मानावयाचे. मौनाचा अर्थ संमती असा आपण व्यवहारात करतो. रेल्वे मौनाचा अर्थ संकट असा करते.

या यंत्रालाही फसवणारे शत्रू आहेत, आणि ते दोन्ही आमच्या किनाऱ्यावर मुबलक. पावसाळ्यात खडी भिजली, चिखल साचला की वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते. गाडी नसताना रिले पडतो व गाड्या खोळंबतात. हा त्रास खरा, पण निरुपद्रवी. माझ्या फळीवरही खडी चिकटविण्यासाठी पातळ डिंक ओतला तेव्हा तो वाळेपर्यंत दोन दिवस चौथ्या ब्लॉकचा दिवा जळत होता व एक अदृश्य गाडी तेथे उभी होती. दुसरा शत्रू गंज. ज्या मार्गावरून क्वचितच गाडी जाते त्याच्या रुळांवर गंजाची साय धरते. चाक आणि रूळ यांच्यामध्ये ती आली की गाडी असूनही यंत्राला दिसत नाही. पहिल्या चुकीत नसलेली गाडी दिसते. दुसरीत असलेली दिसत नाही. पहिलीने उशीर होतो. दुसरीने माणसे मरतात. म्हणून आता अनेक ठिकाणी चाके मोजणारी यंत्रे आहेत. ब्लॉकमध्ये किती आस शिरले आणि किती बाहेर पडले हे ती मोजतात, व हिशेब जुळेपर्यंत मार्ग मोकळा मानीत नाहीत. भारतीय रेल्वेने अलीकडे अंगीकारलेल्या 'कवच' पद्धतीत तर इंजिनच रुळांमध्ये बसविलेल्या खुणा वाचते आणि आपला ठावठिकाणा बिनतारी संदेशाने कळविते.

माझ्या टेबलावर मात्र रॉबिन्सनची युक्ती चालत नाही. तेथे रुळांतूनच इंजिनाला वीज मिळते. तेव्हा चाकांनी दोन्ही रूळ जोडले तर नाण्यासारखाच अपघात व्हावयाचा. म्हणून खेळण्यातील प्रत्येक आसाचे एक चाक मुद्दाम विजेपासून तोडलेले असते. याचा परिणाम विचित्र होतो. पहारेकऱ्याला दिसते ते फक्त वीज ओढणारे. इंजिन दिसते. आत दिवा असलेला प्रवासी डबा दिसतो. परंतु साधी मालवाहू वाघीण, जी काही मागत नाही, काही खात नाही, नुसती ओढली जाते, ती त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. एकदा माझ्या गाडीची मागची तीन वाघिणी वळणावर सुटून मागे राहिली. इंजिन पुढे गेले, ब्लॉकचा दिवा मालवला, मार्ग मोकळा झाला; आणि त्या तीन वाघिणी भर मार्गात उभ्या असता दुसऱ्या गाडीला तेथे यावयाची परवानगी मिळाली.

यावरचा उपाय पुतण्याने पुढच्या खेपेस दाखविला. वाघिणीच्या आसावर तांदळाच्या दाण्याएवढा एक रोधक बसवावयाचा, दहा हजार ओहमचा, आणि त्याची टोके दोन्ही चाकांना जोडावयाची. मग ती वाघीणही वीज ओढू लागते. फार नाही, एका अँपियरच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दीडपट. या विजेने काहीच काम होत नाही. दिवा लागत नाही की चाक फिरत नाही. तिचा उपयोग एवढाच की पहारेकऱ्याला कळावे, येथे कोणी आहे. त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काका-पुतण्यांनी बावीस वाघिणींना असे रोधक बसविले. डोळ्यांवर भिंग लावून ते काम करीत असता माझ्या मनात जे विचार येत होते ते रेल्वेचे नव्हते.

आमच्या महाविद्यालयात तलासरीकडच्या पाड्यांवरून येणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक मुलगा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. हजेरीच्या वेळी 'हजर' हा एक शब्द तो उच्चारी. वर्षभरात त्याचा दुसरा शब्द कोणाही प्राध्यापकाने ऐकला नसावा. शंका विचारली नाही, सवलत मागितली नाही, तक्रार केली नाही. पुढे हिवाळ्यात तो दिसेनासा झाला. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा पडू लागल्या. परंतु हजेरीपटावरची खूण म्हणजे काही सिग्नल नव्हे. तिच्यामुळे कोणतीही गाडी थांबत नाही. सत्राच्या अखेरीस बेरीज होते, आणि तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

त्याची चाहूल घेतली ती आमच्या ग्रंथालयातील कारकुनाने. हे गृहस्थ फारसे बोलत नाहीत. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मात्र असा मारतात, की जणू एखाद्या राज्याची सनदच देत आहेत. ते एके दिवशी माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या वर्गातला तो तलासरीकडचा मुलगा दर मंगळवारी पुस्तक बदलतो. दोन वर्षांत एक मंगळवार चुकला नाही. गेले दोन मंगळवार आला नाही. काहीतरी झालं असणार." माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी त्या रस्त्याने जाणाऱ्या एस. टी.च्या ओळखीच्या कंडक्टरपाशी निरोप दिला. चार दिवसांनी उलट निरोप आला. बापाने भिवंडीकडच्या वीटभट्टीवाल्याकडून आगाऊ पैसे घेतले होते; हात कमी पडत म्हणून मुलालाही सोबत नेले होते. कारकुनाने दुसरा निरोप धाडला. काय धाडला ते मला ठाऊक नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगा परत आला, मामाकडे राहिला आणि परीक्षेस बसला. या वर्षी तो पदवीच्या शेवटच्या वर्गात आहे. आल्याबरोबर तो ग्रंथालयात गेला, आणि त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे: "पुस्तकाला उशीर झाला, दंड किती?"

दर आठवड्याला एक पुस्तक नेणे, एवढीच काय ती त्या मुलाने आमच्याकडे केलेली मागणी. तेवढ्याने तो कोणाला तरी दिसत होता. आणि ती मागणी थांबताच 'सर्व ठीक आहे' असे न समजता 'काहीतरी झाले असणार' असे समजणारा एक माणूस दुसऱ्या टोकाला बसला होता. रॉबिन्सनचे यंत्र याहून अधिक काय करते?

पण पुस्तकही न नेणाऱ्यांचे काय? घरोघरी अशी माणसे असतात. एकत्र कुटुंबातील एखादी विधवा आत्या, जिला काय आवडते हे कोणालाच ठाऊक नसते. कारण तिने कधी काही मागितलेलेच नसते. तिच्या स्वभावाची आपण स्तुती करतो, 'तिचा कोणाला काही त्रास नाही' असे म्हणतो. आजवर मला हे वाक्य गौरवाचे वाटत असे. आता ते ऐकले की मला मार्गात उभ्या असलेल्या त्या तीन वाघिणी आठवतात.

आणि आमच्या या परिसराची सगळी कहाणी तरी दुसरी काय आहे? डहाणू व तलासरीच्या डोंगरांतून कापलेले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जाई, लाकूड वखारींकडे जाई. गवताचे वजन होई, लाकडाचे माप होई, पावती फाटे. ते कापणाऱ्या वारल्याची नोंद मात्र कोठेच नसे. तो वेठीला राबे, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर लग्नगडी म्हणून राही, आणि काही मागत नसे म्हणून तो सुखी आहे असा दूरदूरच्या शहाण्यांचा समज होता. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या सभेस होते. वेठ करावयाची नाही, बारा आण्यांच्या रोख मजुरीवाचून मालकाच्या शेतावर जावयाचे नाही, असे तेथे ठरले. मागणी केवढी, तर दिवसाला बारा आणे. पण त्या बारा आण्यांनी सबंध ठाणे जिल्ह्यात दिवे लागले. सरकारला, वर्तमानपत्रांना, मध्यमवर्गीय वाचकांना एकाएकी दिसले की या मार्गावर माणसे उभी आहेत, आणि ती फार पूर्वीपासून उभी होती. गोदावरीबाईंनी पुढे त्या हकिकतीचे पुस्तक लिहिले, त्याला 'जेव्हा माणूस जागा होतो' असे नाव दिले. पुस्तक १९७० साली निघाले. नावाशी माझे भांडण नाही. परंतु मला राहून राहून वाटते की त्या दिवशी झरीत माणूस जागा झालाच, पण त्याचबरोबर इतर सर्वांचे यंत्रही प्रथमच सुरू झाले.

तलासरी गावाला आजही रेल्वेचे स्थानक नाही. मात्र त्या तालुक्यातून मालवाहतुकीचा खास लोहमार्ग जातो, आणि मुंबई-अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा अतिवेगवान मार्गही याच तालुक्यांच्या भूमीवरून बांधला जात आहे. त्याच्या बारा स्थानकांत डहाणूचे किंवा तलासरीचे एकही नाही. त्या मार्गावर गाडीचा ठावठिकाणा क्षणाक्षणाला आणि हातभराच्या हिशेबाने समजेल यात संशय नाही. वेगासाठी स्थानके थोडीच ठेवावी लागतात हेही मी जाणतो. आणि रूळ ओलांडून शेतावर जाणारी बाई यंत्रास दिसावी, अशी अपेक्षा चाके मोजणाऱ्या यंत्राकडून करणे वेडेपणाचे आहे हेही मला कळते. यंत्र जे मोजण्यासाठी बनविले तेच मोजणार. कोणाला मोजावयाचे हे ठरविण्याचे काम यंत्राचे नव्हतेच; ते आपले आहे, आणि ते आपण करीत नाही याचा दोष गाडीच्या वेगावर ढकलता येत नाही.

माझ्या रेल्वेत आता एकच सुधारणा उरली आहे. त्याच लेंझ कारखान्याने पुढे अशी एक युक्ती काढली की इंजिनाला परत बोलता यावे. दर आज्ञेनंतर यंत्र क्षणभर, सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाइतके, रुळांतील वीज काढून घेते व गप्प राहते. तेवढ्या शांततेत ज्या ब्लॉकमध्ये इंजिन आहे तेथून ते आपला क्रमांक सांगते. मग दिवा नुसता 'येथे कोणी आहे' असे म्हणत नाही. कोण आहे तेही सांगतो. पुतण्याने हे समजावून दिले तेव्हा मी त्याला विचारले, "आणि यंत्र गप्प राहिलेच नाही तर?"

"तर इंजिन बोलणारच नाही, काका. ज्या रुळांतून हुकूम येतो त्याच रुळांतून त्याला बोलायचं असतं."

तीस वर्षे वर्गात अखंड बोलून पोट भरणाऱ्या माणसाला हे उत्तर पचविणे सोपे नव्हते. पण गेले काही दिवस मी एक प्रयोग चालविला आहे. तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे मी बोलणे थांबवितो व नुसता उभा राहतो. पहिल्या आठवड्यात मुले घड्याळाकडे पाहत बसली. दुसऱ्या आठवड्यात पुढच्या बाकांवरून दोन प्रश्न आले. ती मुले एरवीही विचारतातच. काल मात्र अगदी मागून, खिडकीजवळून, एक आवाज आला. प्रश्न साधाच होता. परंतु तो आवाज मी यापूर्वी कधी ऐकलेला नव्हता, आणि तो कोणाचा हे पाहण्यासाठी सबंध वर्गाने मान वळविली.